शनिवारचा शेवटचा तास

बीडला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं.
एक फाइल, एक पेन, दुपारी पुरीभाजी,
आणि सह्या करून आम्ही बाहेर पडलो तेव्हा
ठरून गेलं होतं की नववीला
ताण हाताळायला मी शिकवणार.

वडवणीच्या पुढं अकरा किलोमीटर.
सकाळची शाळा, शेवटचा तास,
दप्तरं आधीच भरून पोरं दाराकडं तोंड करून.

पुस्तिकेत पान तीनवर ढग आहे.
ढगात लिहायचं : मला कशाचा ताण येतो.
मी फळ्यावर काढला, तो बटाटा झाला.
पोरं हसली. तेवढं एक बरं झालं.

मुंजानं लिहिलं, गणित.
केवळनं मुंजाचं बघून लिहिलं, गणित.
रविना राठोड उभी राहिली :
"बाई, माय तिकडं कारखान्याला.
आठ दिस झाले, फोन लागंना.
हे ढगात लिहायचं का ढगाच्या खाली?"

ढगाच्या खाली पुस्तिकेत काहीच नव्हतं.
मी म्हणाले, लिही कुठंही.

दैवशालाचा ढग कोरा.
माय-बाप कोयत्यावर गेले तेव्हापासून
ती चारला उठते. दोघं धाकटे,
लांबचा हापसा, भाकरी, एक शेळी.
साडेसातला वर्गात, वेणी घट्ट, गृहपाठ पुरा.
पुरा गृहपाठ बघून आपण
पुढच्या बाकाकडं वळतो.

गेल्या वर्षी असाच एक पुरा गृहपाठ होता.
दिवाळीच्या सुट्टीनंतर ती मुलगी आलीच नाही.
लग्नाची पत्रिका आली, तीही उशिरा.
माझ्या ढगात मी तिचं नाव लिहिलं
आणि वही पालथी घातली.

पान चार : डोळे मिटा. श्वास आत, चारपर्यंत मोजा.
श्वास बाहेर, सहापर्यंत.
अडतीस जणांनी डोळे मिटले,
मुंजानं एकच.
लांब कुणीतरी पत्र्यावर काही ठोकत होतं.
कुठं कोंबडा, अकरा वाजता, अवेळी.
दुसऱ्यांदा सहा मोजून झाले
आणि डोळे उघडले तर
दैवशाला बाकावर डोकं टेकून
गाढ झोपलेली. तोंड थोडं उघडं.
पेन बोटांत तसंच.

"बाई, उठवू का?"
नको.

मग तासभर असं काही घडलं
जे पुस्तिकेत नाही. नववीचा वर्ग
कुजबुजत बोलला.
शिपाईमामा घंटेकडं निघाले,
मी खिडकीतून हातानंच थांबवलं.
ते समजले नाहीत, पण थांबले.

तिचा कोरा कागद मागच्या बाकांवर फिरत गेला.
हिरव्या पेनानं मुंजा :
पाण्याचे दोन हंडे मी आणतो. सायकल आहे.
अफसाना : रविवारी दोघं धाकटे आमच्याकडं जेवतील.
अम्मीला इचारायची गरज नाही.
रविना : रातच्याला मी झोपायला येते.
मलाबी एकटीला भ्या वाटतं.
केवळनं बराच वेळ विचार केला
आणि मुंजाचंच पुन्हा लिहिलं : पाणी.
मुंजानं त्याला कोपर मारलं.

मीही लिहिलं खाली, माझा नंबर.
रात्री कितीही वाजता.
हे वाक्य मला एक वर्ष उशिरा सुचलं.

ती दचकून उठली.
"बाई, चुकलं माझं."
नाही गं, म्हटलं, पान चार तुलाच जमलं.

कागद वाचला. परत वाचला.
मला वाटलं रडेल, आणि रडल्यावर काय करायचं
ते बीडला कुणी सांगितलं नव्हतं.
तिनं कागदाची घडी केली, कंपासपेटीत ठेवली,
पुन्हा काढली.

पान पाच अजून उघडलं नव्हतं.
त्यावर मोठ्या अक्षरात आहे : मदत मागायला शिका.

दैवशाला म्हणाली,
"पण बाई, शेळीचं कुणीच लिहिलं नाही की."

केवळनं हात पुढं केला.
"आण तो कागद इकडं."